पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली गळली, तर शोध कुठून सुरू करायचा?

सांता मोनिका हे कॅलिफोर्नियातलं समुद्रकिनाऱ्यावरचं शहर. लोकसंख्या साधारण ९० हजार. समोर अख्खा प्रशांत महासागर, पण प्यायच्या पाण्याचा मोठा हिस्सा जमिनीखालून यायचा, शहराच्या स्वतःच्या विहिरींमधून.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये यातल्या चार्नॉक विहीर क्षेत्राच्या पाण्यात एमटीबीई नावाचं रसायन सापडलं. हे रसायन नदीत, खडकात किंवा शेतात आपोआप तयार होत नाही. ते पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं. म्हणजे पाण्यात एमटीबीई आलं, याचा सरळ अर्थ कुठेतरी पेट्रोल गळलं. आकडे वाढत गेले. चार्नॉकमध्ये ते ६१० पीपीबीपर्यंत पोहोचलं आणि दुसऱ्या आर्केडिया विहीर क्षेत्रात ८६ पर्यंत. पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. पण एमटीबीईचा टर्पेंटाइनसारखा वास आणि चव माणसाला २० ते ४० पीपीबीच्या आसपासच, काहींना तर त्याच्याही खाली, जाणवते.

१९९६ मध्ये चार्नॉकच्या पाच आणि आर्केडियाच्या दोन अशा सात विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं साधारण निम्मं पाणी गेलं. मग बाहेरून पाणी विकत घेणं सुरू झालं.

आता खरी अडचण. चार्नॉकच्या विहिरींपासून सव्वा मैलाच्या परिघात संशय घ्यावा अशा सुमारे ३० जागा होत्या. बहुतेक ठिकाणी जमिनीखाली इंधनाच्या टाक्या आणि त्यात भर म्हणून पेट्रोल वाहून नेणाऱ्या दोन पाइपलाइन. यातलं नेमकं कोण गळलं? एकच, की पाच, की सगळेच? वर रस्ता चालू, पंप चालू, गाड्या भरल्या जाताहेत. खाली काय चाललंय, हे कुणालाच दिसत नाही.

हे शोधायच्या पद्धतीला तिकडे 'साइट असेसमेंट' म्हणतात, म्हणजे जागेची पर्यावरणीय तपासणी. पंपावर मशीन आणायचं, चार बोअर मारायचे, माती-पाणी लॅबला पाठवायचं, असं ते वरवर दिसतं. पण या कामातली सगळी गंमत आणि सगळा धोका बोअर मारण्याच्या आधी आहे. बोअर कुठे मारायचा, किती खोल, आणि पाण्यात शोधायचं काय, हे चुकलं तर रिपोर्टवर 'प्रदूषण आढळलं नाही' असं छापून येतं आणि पेट्रोल मात्र तिथून शंभर मीटरवर निवांत पुढे सरकत असतं.

टाक्या गळतात कशा?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, तसे पंप वाढले. टाक्या आगीच्या भीतीने जमिनीखाली पुरल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुसंख्य साध्या लोखंडी होत्या. गंजरोधक थर नाही, काही नाही. ओल्या मातीत पुरलेलं लोखंड वीस-तीस वर्षांत काय होतं, हे आपल्याकडे जुन्या नळाची पाइपलाइन उकरणाऱ्या कुठल्याही प्लंबरला विचारा.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात गळक्या टाक्यांमुळे लोकांच्या विहिरींत पेट्रोल उतरल्याची गोष्ट दाखवली गेली आणि देशभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात नवा भाग घातला. १९८६ मध्ये साफसफाईसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. त्यासाठी प्रत्येक गॅलन इंधनावर एका सेंटचा दहावा भाग कर लावला गेला. १९८८ मध्ये सविस्तर नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत दिली गेली.

तेव्हापासून तिथे गळतीच्या साडेपाच लाखांहून जास्त घटना अधिकृतपणे नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जागा साफ झाल्या, पण हजारो अजून बाकी आहेत.

मोठी गळती असेल तर ती लगेच कळते. धोका हळू गळतीचा. पंपावर रोज डीप रॉड टाकून टाकीतला साठा मोजतात आणि विक्रीशी ताळा करतात. अमेरिकी नियमात या हिशेबाला महिन्याला जी सूट आहे ती अशी: एकूण उलाढालीच्या एक टक्का, अधिक १३० गॅलन. आता महिन्याला एक लाख गॅलन विकणारा पंप घ्या. त्याच्या वहीत १,१३० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण ४,३०० लिटरपर्यंत फरक आला, तरी तो संशयास्पद धरला जात नाही. उष्णतेने इंधन फुगतं, टँकरच्या मोजणीत थोडं इकडे-तिकडे होतं, म्हणून ही सूट. पण या सुटीत एक बारीक गळती आरामात लपते.

म्हणूनच नुसत्या वहीवर भागत नाही, टाकीची घट्टपणाची चाचणीही ठरावीक काळाने करावी लागते. तिने तासाला ०.१ गॅलन इतकी गळती पकडली पाहिजे अशी अट आहे. तासाला जेमतेम पावणेचारशे मिलिलिटर. मोठ्या चहाच्या मगाएवढं. वर्षभराचा गुणाकार केला तर होतात ३,३०० लिटर.

आणि एक लिटर पेट्रोल काय करतं?

पेट्रोलमध्ये शेकडो रसायनं असतात. त्यातलं सगळ्यात घातक म्हणजे बेंझीन. ते माणसात रक्ताचा कर्करोग घडवतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे ५ पीपीबी, म्हणजे एका लिटर पाण्यात ५ मायक्रोग्रॅम.

एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरलं, तर ते होतं १० मिलिलिटर, वजन अंदाजे ८.८ ग्रॅम. कागदावर हिशेब मांडला तर एवढं बेंझीन साडेसतरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. दहा हजार लिटरचे पावणेदोनशे टँकर. एका लिटर पेट्रोलमधून.

प्रत्यक्षात असं एकसारखं मिसळत नाही, आणि इथूनच तपासणीची गोष्ट सुरू होते. टाकीतून सुटलेलं पेट्रोल आधी सरळ खाली उतरतं. वाटेत काही मातीच्या कणांना चिकटून राहतं. काहीची वाफ होते आणि ती वर, कधी शेजारच्या इमारतीच्या तळघरात शिरते. उरलेलं भूजलाच्या पातळीला पोहोचलं की पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगतं, पावसाळी डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो तसं. मग त्या तवंगातून बेंझीन, टोल्युइन वगैरे थोडं थोडं पाण्यात विरघळत राहतं आणि पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे दूषित पाण्याचा एक लांबट पट्टा तयार होतो.

म्हणजे एकाच गळतीची चार रूपं: मातीत अडकलेलं, वाफ झालेलं, पाण्यावर तरंगणारं आणि पाण्यात विरघळलेलं. चारही वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि चौघांना पकडायची पद्धत वेगळी. फक्त टाकीखालची माती तपासून 'ठीक आहे' म्हणणारा माणूस चारपैकी एकच रूप बघून निघालेला असतो.

आधी कागद, मग कुदळ

तपासणीच्या पहिल्या टप्प्यात एकही खड्डा खणला जात नाही. हे बऱ्याच लोकांना पटत नाही, पण सगळ्यात स्वस्त माहिती इथेच मिळते.

या जागेवर आधी काय होतं? टाक्या कधी पुरल्या, कधी बदलल्या, जुन्या टाक्या काढल्या की तशाच वाळू भरून सोडल्या? पाइप कुठून कुठे गेले? इंधनाच्या हिशेबात कधी खोट आली होती का? पंपावर वीस वर्षं काम केलेला माणूस आठवून सांगतो, "तो कोपऱ्यातला नोझल ९२ साली बदलला, तिथे सारखा वास यायचा." असं एक वाक्य कधीकधी दहा बोअरचं काम करतं.

अमेरिकेत या कामी एक भन्नाट साधन आहे, सॅनबॉर्न नकाशे. एकोणिसाव्या शतकापासून अग्निविमा कंपन्यांसाठी शहरांचे हे अतिशय बारीक नकाशे काढले जायचे. कुठली इमारत लाकडी, कुठली विटांची, आणि पेट्रोलची टाकी कुठे, हे सगळं त्यावर असायचं. विमेवाल्यांना भीती आगीची होती, पाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण आज तेच नकाशे उघडले की कळतं, जिथे सध्या लाँड्री आहे तिथे १९३० च्या दशकात पंप होता आणि त्याची टाकी बहुधा अजून खालीच आहे.

सोबत शेजारची यादी हवीच. जवळ पिण्याच्या विहिरी कुठे आहेत, किती खोल आहेत, रोज किती उपसा होतो? शाळा, तळघरं, नाले? आणि गटाराच्या, टेलिफोनच्या, पाण्याच्या लाइनी कुठून जातात? हा शेवटचा प्रश्न दोन कारणांनी महत्त्वाचा. एक म्हणजे बोअर मारताना गॅसची लाइन फोडायची नसते. दुसरं म्हणजे या लाइनी टाकताना चर खणून त्यात वाळू किंवा खडी भरलेली असते. आजूबाजूची चिकणमाती पेट्रोल अडवते, पण हा चर त्याला आयता रस्ता देतो. भूजल दक्षिणेला वाहत असताना पेट्रोल पूर्वेच्या घरात निघालं, तर आधी गटाराच्या चराकडे बघावं.

या सगळ्यातून एक अंदाजचित्र बनतं. कुठून गळलं असावं, कुठल्या वाटेने गेलं असावं, कुणापर्यंत पोहोचू शकतं. व्यवसायात याला 'कन्सेप्च्युअल साइट मॉडेल' असं भारदस्त नाव आहे. गावाकडच्या भाषेत, चोर कुठून आला आणि कुठून पळाला याचा अंदाज. नंतर मारलेला प्रत्येक बोअर म्हणजे या अंदाजाला विचारलेला एक प्रश्न असतो. जो बोअर कुठलाच प्रश्न विचारत नाही, तो नुसता खर्च.

तीन बोअर, आणि खोलीचा घोटाळा

भूजल कुठल्या दिशेने वाहतंय, हे कळायला किमान तीन बोअर लागतात आणि ते एका रेषेत चालत नाहीत, त्रिकोणात हवेत. तिन्हींतली पाण्याची पातळी मोजायची, उतार कुठे आहे ते काढायचं. दोन बोअरवर दिशा ठरवणं म्हणजे दोन कोपऱ्यांवरून टेबलाचा उतार सांगणं. वर जमिनीचा उतार ज्या बाजूला आहे, खालचं पाणीही तिकडेच जाईल असं नाही. जवळ एखादी मोठी उपसा विहीर असेल तर ती पाणी स्वतःकडे खेचते. सांता मोनिकाच्या विहिरींनी नेमकं हेच केलं असणार, रोजच्या उपशाने आजूबाजूचं पाणी त्यांच्या दिशेने ओढलं जात होतं.

दिशा कळली तरी खोली उरतेच. याचा सगळ्यात बोलका दाखला न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरच्या ईस्ट पॅचोग इथला आहे. तिथे एका घरच्या खासगी विहिरीचं पाणी बिघडलं. शोध घेतल्यावर उगम निघाला तो तब्बल ४,००० फुटांवर, म्हणजे सव्वा किलोमीटरवर, एका पेट्रोल पंपाच्या जागी. तिथल्या टाक्या १९८८ मध्येच काढून टाकल्या होत्या. टाक्या गेल्या, पण पेट्रोल आधीच प्रवासाला निघालं होतं.

तपासणाऱ्यांनी तिथे एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवरून पाणी घेता येईल असे नमुने घेतले. तेव्हा दिसलं की दूषित पट्टा पुढे जाता जाता खाली बुडत चाललाय. कारण साधं होतं. वरून पडणारं पावसाचं पाणी मुरतं आणि स्वच्छ पाण्याचा थर जुन्या, दूषित पाण्याच्या डोक्यावर बसतो. वाटेत एक खडीची खाण होती. तिथे पाणी जास्त मुरायचं, म्हणून पट्टा तिथे आणखी खाली गेला होता.

आता कल्पना करा, तिथे कुणी नेहमीच्या पद्धतीने भूजलाच्या वरच्या थरातच बोअर घेतला असता तर? पाणी स्वच्छ निघालं असतं. पट्टा आधीच संपला असा निष्कर्ष निघाला असता आणि पुढच्या घरातली माणसं ते पाणी पीत राहिली असती. लॅबने चूक केलेली नाही, मशीन बरोबर, नमुनाही नीट घेतला. चूक ती योजनेत, खोली ठरवण्यात.

नमुना घेणंही हलक्या हाताचं काम नाही, हे जाता जाता सांगायला हवं. बेंझीन उडून जातं. म्हणून पाणी ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही, आणि बर्फात ठेवून लॅबला न्यायचं. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली प्रवासाला पाठवतात. तिच्यातही बेंझीन निघालं, तर गडबड वाटेत झालीये. रिकाम्या बिसलरीच्या बाटलीत भरून नेलेलं पाणी इथे पुरावा ठरत नाही.

चार चकरा की एकच?

जुन्या पद्धतीत तपासणी हप्त्याहप्त्याने व्हायची. कंपनीचे लोक यायचे, चार बोअर मारायचे, नमुने लॅबला जायचे. काही आठवड्यांनी रिपोर्ट यायचा: चौथ्या बोअरमध्ये प्रदूषण आहे, म्हणजे पट्टा पुढे गेलाय. मग नवी योजना, नवी मंजुरी, पुन्हा मशीन, पुन्हा चार बोअर. पुन्हा तेच. वर्षं जायची, आणि खर्चाचा मोठा भाग येण्या-जाण्यात आणि रिपोर्ट लिहिण्यात.

१९९७ मध्ये अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, खास गळक्या टाक्यांच्या जागांसाठी एक मार्गदर्शक काढला. त्यातला मुद्दा असा की जागेवरच मोजा आणि जागेवरच ठरवा. तोवर तशी साधनं आली होती. ट्रकवर बसवलेलं यंत्र बारीक सळई मातीत दाबत नेतं, मोठा बोअर मारायची गरज नाही. हातात धरायचं यंत्र मातीतल्या वाफा लगेच दाखवतं. गाडीतच छोटी लॅब. एक नमुना घेतला, तासाभरात आकडा आला, त्यावरून पुढची जागा ठरली. प्रदूषण आहे? अजून पुढे जा. नाही? थोडं मागे, बाजूला. दोन-चार दिवसांत पट्ट्याच्या कडा हाती लागतात, आणि मग मोजक्याच ठिकाणी कायमच्या निरीक्षण विहिरी बांधून अचूक लॅब तपासणी करायची.

याचा अर्थ योजना सैल, असा मुळीच नाही. उलट ती जास्त काटेकोर लागते. नकाशावर बोअरचे ठिपके काढून देणं सोपं. 'आकडा अमुकपेक्षा जास्त आला तर काय करायचं, कमी आला तर काय, आणि थांबायचं कधी' हे आधी लिहून ठेवणं अवघड. शिवाय निर्णय घेणारा अनुभवी माणूस स्वतः धुळीत उभा असावा लागतो, ऑफिसात रिपोर्टची वाट बघत बसून चालत नाही.

सरकारी मुदतीही या कामाला ढिलाई देत नाहीत. तिथल्या केंद्रीय नियमांनुसार गळती कळल्यावर २४ तासांत कळवायचं, पहिल्या उपायांचा अहवाल २० दिवसांत आणि जागेची प्राथमिक माहिती साधारण ४५ दिवसांत द्यायची.

सगळ्यांचा अंदाज चुकला तो एमटीबीईने

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या जागांचा एक मोठा अभ्यास मांडला. निष्कर्ष दिलासा देणारा होता. बेंझीनचा पट्टा क्वचितच अडीचशे फुटांच्या पुढे जातो, कारण मातीतले जीवाणू ते खातात. म्हणजे बऱ्याच जागी निसर्गालाच काम करू द्यावं. निष्कर्ष बेंझीनपुरता बरोबरच होता.

पण ऑगस्टमध्येच सांता मोनिकाच्या विहिरीत एमटीबीई सापडलेलं होतं. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जीवाणूंना ते चटकन पचत नाही. पाणी जितक्या वेगाने जाईल, जवळपास तितक्याच वेगाने तेही जातं. ईस्ट पॅचोगमध्येही सगळ्यात पुढे धावत होतं ते एमटीबीईच.

आणि हे आलं कुठून? तर हवा स्वच्छ करायच्या कायद्यातून. १९७९ पासून ते ऑक्टेन वाढवायला थोडं वापरलं जायचं. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीने प्रदूषित शहरांच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त पदार्थ मिसळणं सक्तीचं केलं आणि पेट्रोलच्या साधारण ११ टक्के एमटीबीई पडू लागलं. धुरावर उपाय शोधताना टाक्या गळताहेत, याचा विचार कुणी फारसा केला नाही.

तपासणीच्या दृष्टीने यात एक मोठी मेख आहे. ज्याने लॅबला फक्त बेंझीन शोधायला सांगितलं, त्याला एमटीबीई दिसलंच नाही. ज्याने अडीचशे फुटांचा अंदाज धरून बोअर मारले, त्याचे बोअर पट्ट्याच्या मागेच राहिले. पण हेच रसायन दुसऱ्या बाजूने साक्षीदारही ठरतं. पाण्यात एमटीबीई आहे म्हणजे पेट्रोल १९७९ नंतरचं. शिसं किंवा शिशासोबत घातली जाणारी रसायनं निघाली, तर गळती जुन्या, शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. एकाच चौकात चार पंप असतील आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तेव्हा असे पुरावे फार कामी येतात.

सांता मोनिकात ईपीए आणि लॉस एंजेलिसच्या प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने मिळून त्या तीसेक जागांची छाननी केली. शहर कोर्टात गेलं. २००३ मध्ये शेल, शेव्हरॉन आणि एक्सॉनमोबिल यांच्याशी समझोता झाला. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय घेतला होता, तो २००३ च्या शेवटी पूर्ण अमलात आला. चार्नॉकचं पाणी शुद्ध करून पुन्हा शहराला मिळू लागलं ते २०१० च्या अखेरीस. विहिरी बंद पडल्या त्याला तेव्हा १४ वर्षं झाली होती.

हे सगळं आपल्याकडे आणून बघितलं तर?

भारतात पंपाच्या टाक्या पेट्रोलियम नियमांखाली येतात आणि त्यांची परवानगी पेसो ही संस्था देते. तिचा मुख्य भर आग आणि स्फोट टाळण्यावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी भाग यांच्यापासून पंप ५० मीटर दूर असावा, अडचण असेल तर जादा सुरक्षा उपायांसह, पण ३० मीटरच्या आत कुठल्याच परिस्थितीत नको, अशी त्यात अट आहे. हे अंतर सरळ जमिनीवर मोजायचं आहे. खाली पाणी कुठल्या बाजूला वाहतं, याच्याशी त्या ५० मीटरचा काही संबंध नाही.

एमटीबीईची जागा आता इथेनॉलने घेतली आहे, अमेरिकेतही आणि आपल्याकडेही. २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल २०२५ मध्ये देशभर मिळू लागलं. मायलेज आणि इंजिनवर सोशल मीडियात भरपूर भांडणं झाली, टाकीखालच्या मातीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. इथेनॉल स्वतः जीवाणूंना चटकन पचतं, त्यामुळे ते दुसरं एमटीबीई होणार नाही. पण जीवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात आणि त्यात जमिनीखालचा ऑक्सिजन संपवून टाकतात. बेंझीन मग तसंच राहतं आणि त्याचा पट्टा लांबू शकतो, असं संशोधनात दिसलं आहे. म्हणजे १९९५ चा तो अडीचशे फुटांचा अंदाज ई-२० च्या गळतीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

दुसरा फरक दगडाचा. लाँग आयलंड म्हणजे वाळू, पाणी बऱ्यापैकी एकसारखं झिरपतं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, खाली कातळ. पाणी वाहतं ते भेगांमधून आणि थरांच्या सांध्यांमधून. शेजारी-शेजारी दोन बोअर, एक भरभरून लागतो आणि दुसरा कोरडा, हे कुठल्याही शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. तीन बोअरचा त्रिकोण इथे दिशा सांगेलच असं नाही, आणि सळई दाबणारं ते मशीन मुरमापाशीच अडकतं. इथल्या योजनेला आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या पाणीपातळ्या, भेगांची दिशा आणि गावातल्या जुन्या विहिरींची माहिती लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी म्हणूनच सॅनबॉर्न नकाशांइतक्या कामाच्या ठरू शकतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. जागा दूषित ठरली, तर खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि कचरा डेपो यांना या नियमांतून वगळलं आहे. पेट्रोल पंप या वगळलेल्यांच्या यादीत नाहीत.

मुदती स्वागतार्हच आहेत, फक्त त्या पावसाच्या कॅलेंडरवर ठेवून बघायला हव्यात. आपल्याकडे मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत कित्येक मीटर वर येतं. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल त्याच्यासोबत वर-खाली होतं आणि प्रत्येक फेरीत मधल्या मुरमाला फासलं जातं. जूनमध्ये तक्रार आली, तर ९० दिवसांची प्राथमिक तपासणी अख्खी पावसात होणार. पाणी वर चढलेलं, भेगा भरलेल्या, वरच्या थरात ताजं पाणी. त्या दिवसांतला स्वच्छ नमुना मे महिन्यातल्या पाण्याबद्दल काही सांगत नाही, त्यासाठी मे उजाडल्यावर पुन्हा त्याच बोअरपाशी यावं लागतं.